दादांचं बिनचूक टिपण

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच नाही. आता तुम्हाला सांगतेय, तेही लिहून — कारण बोलायला बसले तर मी मध्येच विषय बदलेन, स्वतःला चांगली ओळखते मी. हैदराबादेतल्या आमच्या कुकटपल्लीच्या या घरात मराठी वाचणारी मी एकटीच उरलेय. मुलगा अक्षरं जुळवत एखादी पाटी वाचेल, फार तर. नात मराठी बोलते, म्हणजे निम्मी तेलुगू आणि निम्मी इंग्रजी घालून बोलते, पण वाचायला दिलं की म्हणते, "नक्को ना आजी, तूच सांग." तेव्हा हा कागद टेबलावर उघडा पडला तरी मला भीती नाही. यात धीटपणा काहीच नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

परवा ती फोनवर कॉलेजसाठी काही इंग्रजीत लिहीत होती. फोननं एका शब्दाखाली निळी रेघ ओढली. "बघ आजी, इथं ‘द’ राहिला म्हणतोय." आणि तिनं बोट टेकवलं, ‘द’ जागच्या जागी जाऊन बसला. एवढंच. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. त्या यंत्रालासुद्धा चूक दिसली की गप्प बसवत नाही — आणि मला?

पण असं नाही. पहिल्यापासून सांगते.

हा ‘द’ म्हणजे इंग्रजीत शब्दाच्या आधी येतो तो. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणजे जन्मभर हाच शिकवला म्हणा ना. आपल्याकडे तो नाहीच. मराठीत नाही, उर्दूत नाही, तेलुगूत नाही. त्यामुळे आपल्या माणसाला तो कुठे घालावा हे कळत नाही, आणि कळलं तरी का घालावा हे पटत नाही. मी मुलांना सांगायची — जी वस्तू एकच आहे, सूर्य, चंद्र, पृथ्वी, तिच्या आधी ‘द’. आणि जी वस्तू बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक आहे, तिच्या आधी ‘द’. एखादं पोर विचारायचं, टीचर, एकालाच ठाऊक असली तर? तर नाही घालायचा, मी म्हणायची, आणि फळा पुसायला घ्यायची.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. परभणीकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला हा पहिला शिकलेला माणूस. निजामाच्या राज्यात शिकायचं म्हणजे उर्दूतून, आणि दादा असं शिकले की त्यांचं उर्दू ऐकून लोक विचारायचे, जनाब, आपण लखनौकडचे का? दादा म्हणायचे, नाही, ज्वारीकडचा. कचेरीत ते पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद मांडायचे. त्यावर काय हुकूम लिहायचा तेही बहुधा तेच सुचवायचे आणि साहेब सही करायचे. मग निजामाचं राज्य गेलं, कचेरीची भाषा इंग्रजी झाली, आणि चाळिशी उलटलेला हा माणूस एकाएकी अडाणी झाला. दादांनी तक्रार केली नाही. त्यांनी मला नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं होतंच. आता ते स्वतःही रात्रंदिवस डिक्शनरी घेऊन बसू लागले.

शब्द त्यांनी पाठ केले. स्पेलिंग माझ्यापेक्षा पक्कं. पण ‘द’ काही त्यांना वश होईना. जिथे हवा तिथे घालायचे नाहीत, आणि साहेबांच्या नावाआधी मात्र हमखास घालायचे — मानाचा म्हणून, आपण ‘जनाब’ लावतो तसा. मला हसू यायचं. हसू दाबायची, कारण वडिलांची चूक मुलीनं काढायची ही आमच्या घरात कल्पनाच नव्हती. मग त्यातून एक रीत पडली. कुणी ठरवली नाही, आपोआप पडली. दादा रात्री इंग्रजी मसुदा लिहायचे आणि तो पानाच्या डब्याखाली ठेवून द्यायचे. सकाळी ते आंघोळीला गेले की मी तो काढायची, जिथे ‘द’ हवा तिथे पेन्सिलीनं मुंगीएवढी खूण करायची, नको तिथे बारीक फुली, आणि कागद पुन्हा डब्याखाली. दादा येऊन खुणा बघायचे, साफ नक्कल करायचे, खुणा खोडून टाकायचे. ते विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही. खूण असली तर चूक. नसली तर बरोबर. नियमसुद्धा मी त्यांना थेट कधी सांगितले नाहीत. दादा दाढी करत असले की मी भाजी चिरणाऱ्या आईला मोठ्यानं सांगायची — आई, ऐक हं, सूर्य एकच, म्हणून त्याच्याआधी ‘द’. आई म्हणायची, "मला काय करायचाय गं तुझा ‘द’? भेंडीत घालू?" आणि तिकडे दादा गाल फुगवून ऐकत असायचे. त्या दिवसांत आम्ही चिक्कडपल्लीला राहत होतो. फार सुखाचे दिवस होते ते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग राज्याचेच तुकडे पडायचे ठरले. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे — आणि मुलखाबरोबर कचेरीतल्या माणसांचीही वाटणी. लोक दादांना म्हणत, तुमचं काय, तुम्ही आपल्या मुलखात जाल. दादांना ते ऐकवायचं नाही. "मिसरूड फुटायच्या आधी आलो मी इथं," म्हणायचे, "माझी सगळी माणसं इथं. तिकडं कोण हाय माझं? भावांनी वाटून घेतलेलं वावर?" आणि खरंच होतं ते. त्यांची संध्याकाळ इराण्याच्या हॉटेलात, कचेरीतल्या दोस्तांच्या गराड्यात, एका चहात दोघं. तिकडे मराठवाड्यात त्यांच्या उर्दूचं कुणी काय करणार होतं?

वरचे नियम काय होते ते मला माहीत नाही. घरात कळलं ते एवढंच, की मद्रासकडून आलेल्या नव्या साहेबांना जुनी उर्दू दफ्तरं इंग्रजीत उतरवायला एक माणूस इथेच ठेवून घ्यायचा होता. उर्दूत दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे साहेबांनाही ठाऊक होतं. प्रश्न इंग्रजीचा. साहेबांनी सांगितलं, तुमच्या शाखेच्या कामावर इंग्रजीत एक सविस्तर टिपण लिहून आणा, ते बघून ठरवतो. दादा किती तरी रात्री त्या टिपणावर बसले होते. हैदराबादेत राहायचं की जायचं, ते त्या कागदांवर होतं. आणि ते कागद शेवटी कुठे येणार होते? पानाच्या डब्याखाली.

आता ते सांगायला हवं. अजून एक गोष्ट आधी — ती बचाव म्हणून नाही, घडली म्हणून.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मला मुलींच्या कॉलेजात जायचं होतं. शाळेतल्या ननबाईंनी घरी येऊन दादांना सांगितलं होतं, मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, शिकवा. दादा त्यांच्यासमोर हसले, मान डोलावली. अंबरपेठेतली आत्या त्या शनिवारी आली होती. ओसरीवर तिच्याशी बोलताना दादा म्हणाले ते मी आतून ऐकलं. "पोरीच्या जातीला किती शिकवायचं, अक्का? मॅट्रिक झाली, रग्गड झालं. जास्त शिकली तर तिच्या जोडीचा नवरा कुठून आणू मी?" आत्या म्हणाली, हौ, खरंय. बस. एवढंच बोलणं. रागावूनही नाही, सहज, पान लावता लावता.

मला काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. माझं इंग्रजी त्यांच्या नोकरीला चालतं, रोज सकाळी चालतं — आणि मला स्वतःला नको? रात्रभर हाच एक प्रश्न मी स्वतःशी घोळवत राहिले. रविवारी सकाळी दादा आंघोळीला गेले. मी पानाचा डबा उचलला. खाली टिपण होतं, चांगलं जाडजूड, त्यांच्या त्या देखण्या वळणदार अक्षरात. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. प्रत्येक पानावर ‘द’ राहिले होते. साहेबांच्या नावाआधी तो मानाचा ‘द’ होताच. मला प्रत्येक चूक दिसली — एकही नजरेतून सुटली नाही. पेन्सिल हातात होती.

मी एकही खूण केली नाही.

कागद होते तसे डब्याखाली ठेवले आणि परसात कपडे वाळत घालायला गेले. हेच ते. एवढंच — आणि एवढंच नाही.

मला काय वाटलं होतं? वाटलं होतं, दादा बिनखुणांचे कागद बघून चमकतील. मला हाक मारतील. एकदा, एकदा तरी तोंडानं विचारतील — कुसुम, बघितलं नाहीस का गं? मग मी काय ते बोलेन. पण दादांना तसं काही वाटलंच नाही. खूण नसली तर बरोबर, ही आमची रीत. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली, उजेडात धरून बघितली. आणि मग मी दादांना कधी बघितलं नव्हतं तसं बघितलं. ते ओल्या अंगानं, खांद्यावर पंचा तसाच, स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "एक खूण नाही गं! एवढ्या टिपणात एक बी नाही!" त्यांचा आवाज चिरकला होता. पहिल्यांदाच ती रीत उघड तोंडावर आली होती, आणि आली ती अशी.

तेव्हा सांगायचं होतं. टिपण घरातच होतं की! दिवसभर दादा त्याची साफ नक्कल करत बसले होते, ओठ हलवत, मध्येच थांबून आपल्याच वाक्याकडे कौतुकानं बघत. मी चहा दिला, तेव्हा सांगता आलं असतं. जेवायला वाढलं, तेव्हा सांगता आलं असतं. माझा राग तर केव्हाच उतरला होता. त्यांचा तो चिरकलेला आवाज ऐकला तेव्हाच उतरला होता. मी मनाशी वाक्य जुळवत होते — दादा, माझ्याकडून बघायचं राहिलं, द्या जरा. किती सोपं वाक्य! एवढं खोटं तर चाललं असतं.

संध्याकाळी दादा बेकरीतून उस्मानिया बिस्किटं घेऊन आले. पुडा आईच्या हातात न देता माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले — थेट बोलायची सवय नव्हती ना — "हिला कॉलेजात जाऊ दे. बापाला शिकवलं पोरीनं. हिला थांबवणारा मी कोण?"

आता सांगा, त्यानंतर मी काय बोलणार होते? बोलले तर कळणार होतं की मी मुद्दाम केलं. आणि कॉलेज — ते तर नुकतंच हातात पडलं होतं. मी पुडा सोडला. बिस्किट चहात बुडवलं आणि खाल्लं. सकाळी खूण केली नाही ते रागानं, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण ते बिस्किट रागानं खाल्लं नव्हतं. ते मी हिशेबानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दादा इस्त्रीची शेरवानी घालून टिपण घेऊन गेले. आणि काही दिवसांनी एका संध्याकाळी ते लवकर घरी आले, इराण्याकडे न थांबता. शेरवानी न काढताच खुर्चीवर बसले. टिपण त्यांनी आईपुढे टाकलं — आईला एक अक्षर वाचता येत नव्हतं — आणि म्हणाले, "बघ. हे बघ साहेबाचं मन." पानापानावर लाल शाईचे गोल होते. मी लांबून पाहिले, मग जवळून पाहिले. ते गोल मी ओळखले. जिथे मला चूक दिसली होती, तिथेच, नेमका तिथेच प्रत्येक गोल होता. साहेबांनी एकही जास्तीचा काढला नव्हता.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी दादांना समोर बसवून घेतलं होतं आणि म्हणाले होते, तुमचं काम मला ठाऊक आहे, या चुका सुधारून पुन्हा लिहून आणा, मी थांबतो. संधी दिली होती त्यांनी! पण दादा म्हणाले, यात चूक नाहीच. साहेब समजावत राहिले, दादा भांडत राहिले. साऱ्या कचेरीदेखत म्हणाले, "माझ्या पोरीनं तपासलंय हे. ती नन्सकडं शिकलीय. तुमचं मद्रासचं इंग्रजी चुकत असंल." जन्मात कधी साहेबापुढे आवाज न चढवलेला माणूस. कुणाच्या भरवशावर चढवला होता?

सगळं सांगून झाल्यावर दादांनी मला थेट विचारलं. पहिल्यांदाच. "कुसुम, हाय का गं चूक ह्यात?"

मी म्हणाले, ‘नाही’. शब्दानं नाही — नुसती मान हलवली.

दादांचं नाव मराठवाड्याच्या यादीत गेलं. त्यांना परभणीला पाठवलं, कालपर्यंत त्यांचा कारकून असलेल्या माणसाच्या हाताखाली. पण दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. माझं कॉलेज होतं म्हणून मी आणि आई चिक्कडपल्लीलाच राहिलो, आणि दादा एकटे गेले. वर्षानुवर्षं खानावळीतलं जेवले. दिवाळीला यायचे तेव्हा दर वेळी जरा आखडलेले, जरा कमी बोलणारे दिसायचे. हैदराबादेत उतरले की आधी इराण्याकडे जायचे, पण दोस्तांचीही पांगापांग झालेली. कपभर चहा एकट्यानं पिऊन घरी यायचे. उर्दू त्यांच्या तोंडात तशीच राहिली, ऐकणारं कुणी नव्हतं. मी बी.ए. झाले, बी.टी. झाले, शाळेत लागले. माझ्या पगाराच्या पहिल्या दिवशी दादांनी परभणीहून तार केली. त्या तारेत एकही ‘द’ नव्हता, पण तारेत तो कुणीच घालत नाही, म्हणून ती बिनचूक होती.

निवृत्त होऊन दादा परत आले आणि त्यानंतर खूप जगले. घरी पाहुणा आला की ही गोष्ट ठरलेली. मद्रासचा तो साहेब, मराठी माणसांवर त्याचा कसा डोळा होता, कसं एक बिनचूक टिपण त्यानं लाल करून टाकलं. "बिनचूक हं," बोट वर करून म्हणायचे, "आमच्या कुसुमनं तपासलेलं." माझ्या सासरच्या माणसांनाही त्यांनी ते सांगितलं, लग्नाच्या बैठकीत. आणि मी तिथेच, चहाचा ट्रे घेऊन. एका भल्या माणसाला आमच्या घरात आयुष्यभर शिव्या पडल्या, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. म्हणजे मी एकाचं नाही, दोघांचं वाईट केलं. कधी कधी वाटायचं, दादांना सगळं कळलंय आणि म्हणूनच ते हे माझ्यासमोर इतक्यांदा सांगतात. पण नाही. मी त्यांचा चेहरा बघायची ना. तिथे नुसता अभिमान असायचा. कळलं असतं तर बरं झालं असतं का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

शेवटी शेवटी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. मग त्यांनी एक नवा उद्योग काढला — इंग्रजी पेपरच्या संपादकांना पत्रं. गल्लीतलं गटार, नळाचं पाणी, बसगाड्या, कशावरही. ते सांगायचे, मी लिहायची. आणि दर दोन शब्दांनी थांबून विचारायचे, "इथं ‘द’ लागतो का गं?" लागतो, दादा. "आणि इथं?" इथं नाही. मी प्रत्येक वेळी खरं सांगितलं. एकदाही चुकीचं सांगितलं नाही. जणू त्यानं काही फिटणार होतं.

एका दुपारी असंच गटाराचं पत्र चाललं होतं. ते मध्येच थांबले. मला वाटलं, झोप लागली. पण ते जागे होते, डोळे उघडे, भिंतीकडे. म्हणाले, "कुसे, आता म्हातारपणी किती चुकतंय बघ माझं. पण त्या टिपणात मातर एक बी चूक नव्हती. नव्हती ना गं?"

घरात आम्ही दोघंच होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, साहेबही गेले असतील. कॉलेज आता कुणी काढून घेणार नव्हतं. आता कशाची भीती होती मला? त्यांनी दुसऱ्यांदा, तोंडानं, नीट विचारलं होतं, आणि नुसत्या मानेचा आता उपयोग नव्हता, कारण त्यांना दिसत नव्हतं.

"नव्हती, दादा," मी म्हणाले.

त्यांनी समाधानानं मान हलवली. "हां. लिही पुढं," म्हणाले. मी लिहीत गेले. महिनाभरानं ते गेले.